चुंबळींची रांग

जड पाणी म्हणजे काय, हे माझ्या नातसुनेला कितीही सांगितलं तरी पटत नाही. ती म्हणते, "आजी, पाण्यात काय जड अन् हलकं? बादली भरली की सगळंच जड." तिचं तिच्यापरीनं बरोबर आहे. तिच्या घरात नळ आहे आणि डाळ शिजवायला शिट्टीचं भांडं आहे. आमच्या गावात मात्र पाणी दोन तऱ्हेचं होतं आणि त्यातला फरक शेंबड्या पोरालाही कळायचा. चावडीसमोरच्या विहिरीचं पाणी जड. दिसायला काचेसारखं, पण जिभेला मचूळ, आणि त्यात डाळ टाकली तर दिवसभर उकळ्या खाऊनही ती गोट्यांसारखी टणक राहायची. ते पाणी अंघोळीला, धुण्याला, गुराढोरांना. पिण्याला आणि चुलीवर चढवायला पाणी उमाळ्याचं. आमच्या वाशीमच्या मुलखात त्या काळी गावाची किंमत जमिनीवरून करत, पण बायका ती पाण्यावरून करत. "त्या गावात डाळ शिजते का?" हा प्रश्न मी माझ्या लहानपणी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो नेहमी लेकीचं स्थळ बघतानाच विचारला जायचा.

उमाळा गावापासून पाऊण कोसावर, टेकडीच्या पायथ्याला होता. काळ्या खडकाला एक आडवी भेग, आणि तिच्यातून बारा महिने धार पडायची. पावसाळ्यात मनगटाएवढी, उन्हाळ्यात करंगळीएवढी. खाली दगडी कुंड. ते कोणी बांधलं ते कोणालाच सांगता येत नसे. म्हाताऱ्यांना विचारलं तर "लई जुनं हाय" एवढंच म्हणत आणि पुन्हा तंबाखू मळायला लागत. कुंडात घागर बुडवायची नाही, हा तिथला पहिला नेम. वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा असायचा, त्यानं पाणी काढून, पदर लावून, घागरीत गाळून घ्यायचं. वैशाखात अंगाची लाही होत असताना त्या तुंब्यातलं पाणी घशाखाली उतरलं की दात शिवशिवायचे. आता मी फ्रीजचं पाणी पिते, तेही गार असतं, पण मला ते कधी आवडलं नाही. नातसून म्हणते हा माझा हट्ट आहे. असेल.

दुसरा नेम चुंबळींचा. डोक्यावर घागर टेकावी म्हणून जुन्या लुगड्याचं वेटोळं करतात ती चुंबळ. उन्हाळ्यात धार बारीक झाली की दहा-बारा घागरींत कुंड आटायचं आणि मग भरायची वाट बघत बसावं लागायचं. अशा वेळी आलेल्या बाईनं आपली चुंबळ कुंडाच्या काठच्या लांब दगडावर शेवटच्या चुंबळीमागं ठेवायची. ठेवली की पाळी लागली. कोणाची चुंबळ कोणती ते सगळ्यांना पाठ असायचं. आमची होती मायच्या हिरव्या लुगड्याची, लाल काठ बाहेर काढलेली. पाळी आली तेव्हा मालकीण जागेवर नसेल तर तिची चुंबळ उचलून शेवटी जायची, आणि कोणी हाक मारायची नाही. एखादीनं आपली पाळी दुसरीला दिलीच तर तिनं स्वतः रांगेच्या शेवटी जायचं, कारण मागच्यांनी तिच्या दानतीपायी का ताटकळावं? हे नेम कुठं लिहिलेले नव्हते, तरी कोर्टात वकील कायद्यावर भांडतात तशा आमच्या बायका त्यांच्यावर भांडायच्या.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. आमच्या कुंडाखाली हातभर अंतरावर आणखी एक डबकं होतं. आमचं कुंड भरून वाहिलं की त्यात पाणी जायचं, आणि महारवाड्यातल्या बायका तिथून भरायच्या. वर यायची त्यांना मुभा नव्हती. उन्हाळ्यात आमचं कुंड भरून वाहायचंच नाही, तेव्हा त्या काय करायच्या, हे मी तेव्हा एकदाही विचारलं नाही. चुंबळीच्या नेमांचा आम्हाला एवढा गर्व, आणि त्या बायकांच्या चुंबळीला त्या दगडावर जागाच नव्हती. मला याची लाज वाटते, आणि ती उशिरा वाटली याची जास्त वाटते.

पाणी आणायचं काम आम्हा दोघी बहिणींचं. जनी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, लग्नाला आलेली. रंगानं सावळी, हाडापेरानं मजबूत, आणि तोंडानं सरळ. मनात आलं ते तिच्या ओठावर यायला मध्ये पायरी नव्हती. तिला पाहायला दोन ठिकाणचे लोक येऊन गेले होते. पहिल्यांनी रंगाचं कारण सांगितलं. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "भाकरी येतात का करता?" तर ही म्हणाली, "येतात. तुमच्या पोराले खाता येतात का?" ते लोक चहासुद्धा अर्धा टाकून गेले. मायनं त्या दिवशी कपाळ बडवून घेतलं. मी मात्र दोन दिवस आठवून आठवून हसत होते. माझा स्वभाव सांगायचा तर मी एका जागी बसले म्हणजे आजारी आहे असं घरात समजत.

त्या चैत्रात तिसरं स्थळ आलं. पोहरादेवीकडचं एक शेतकरी घर. मुलाला जनीनं रिठदला एका लग्नात पाहिलं होतं. वऱ्हाडाच्या गाड्या उन्हातून आल्या होत्या, सगळे मंडपाकडं पळाले, आणि या एकट्यानं आधी बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, आणि मग स्वतः प्यायला. एवढंच. पण हे एवढंच तिनं मला पाण्याच्या वाटेवर चार वेळा सांगितलं आणि पाचव्यांदा सांगताना म्हणाली, "यमे, हे बी लोक नाई म्हनून गेले ना, तं मी पुन्हा कोनासमोर बसनार नाई." ती गमतीत बोलत नव्हती. जनीला मी पहिल्यांदाच असं घाबरलेलं पाहिलं.

पाहुणे येणार त्या दिवशी पुरणाचा बेत होता. जनीला न्हायचं होतं, मायला जात्यावरून उठता येत नव्हतं, म्हणून सकाळी पाण्याला मी एकटीच. माय जात्यावरूनच म्हणाली, "माठातलं कालचं पानी पाहुन्याले प्याले होईन. तू आनशीन थे सैपाकाले. लवकर ये, डाळ टाकाची हाय." मी गेले, चुंबळ ठेवली. पुढं सहा होत्या. बसले. बसून बसून किती बसणार? उमाळ्याच्या वर टेंभराचं झाड होतं आणि टेंभरं पिवळी पडली होती. म्हटलं, सहा घागरी भरेपर्यंत ओंजळभर वेचून येते. टेंभराचा गर चिकट आणि गोड असतो; एक खाल्लं की दुसरं हातात येतंच. परत आले तेव्हा आमची हिरवी चुंबळ सगळ्यांच्या शेवटी होती, पुढं नऊ. पहिल्या जागी कोंडाबाई आपली घागर भरत होती. ही कोंडाबाई म्हणजे उमाळ्याची न्यायाधीश. नवरा नाही, मूल नाही, सगळा दिवस हाती, आणि नेम मोडणारीला ती अशी धुवायची की बाई घागर टाकून पळायची. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या ओठांना टेंभराचा चीक लागलेला होता. ती म्हणाली, "गोड व्हते का व?"

नऊ चुंबळी म्हणजे दुपार. मी रिकामी घागर घेऊन निघाले. सगळ्या वाटेनं रडत आले, आणि चावडीसमोर आले तेव्हा माझं रडू थांबलं, कारण समोर विहीर होती. पाणी तर पाण्यासारखंच दिसतं. मी घागर भरली, चीक पुसला, आणि घरी आले. मायनं विचारलं, "उमाळ्याचंच हाय ना?" मी मान हलवली. इतकं सोपं होतं ते.

पाहुणे दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, आले: मुलाचा बाप, काका, आणि मुलाची आई गंगाबाई. ठेंगणी, कपाळावर आडवं कुंकू, आणि सगळं न बोलता बघणारी. पुरुष ओसरीवर बसले. आत डाळ चुलीवर. पहिली उकळी आली, दुसरी आली. मायनं दाणा बोटात दाबून पाहिला, तो सुटून चुलीत गेला. "होईन, होईन," ती म्हणाली. पळाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, एक भारा जळाला, दुसरा जळाला. मायनं गोडंतेल टाकलं, झाकणावर पाणी ठेवलं, मग डाळीला शिव्या घातल्या, मग डाळ देणाऱ्या वाण्याला. जनी चुलीशी फुंकर घालून घालून लाल झाली होती. बाहेर बाबांनी पाहुण्यांना फुटाणे दिले, कापसाच्या भावाचं बोलून झालं, पावसाचं झालं, शेवटी बैलांच्या खानदानावर आले. आमच्या पवळ्याची आजी कुठल्या बाजारातून आणली होती तेही सांगून झालं. मुलाचा काका दर थोड्या वेळानं आतल्या दाराकडं बघायचा. मी रांजणाच्या मागं उभी होते आणि देवाला सांगत होते, एवढी एक डाळ शिजव, मी जन्मात टेंभराला हात लावणार नाही. देवालाही जड पाण्यापुढं काही करता आलं नसावं.

माय एकदम पदर डोळ्याला लावून म्हणाली, "जने, तुह्या नशिबातच काई खोट हाय व." दोन माणसांना एका श्वासात उत्तर देणारी माझी बहीण त्या वेळी चुलीतल्या राखेकडं बघत बसली. ते मला बघवेना. मी तोंड उघडणार तोच दारात गंगाबाई उभी. बायका मुलगी बघायच्या तर चुलीजवळ बघायच्या, असा तेव्हा रिवाज होता. ती बघायलाच आली होती. तिनं भांड्यात डोकावलं. कडेला पांढरी रेघ धरली होती. तिनं घागरीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"हे विहिरीचं हाय," ती म्हणाली.

"नाई हो, उमाळ्याचं हाय! सकाळी माह्या पोट्टीनं आनलं," माय म्हणाली. आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. चुंबळ, टेंभरं, नऊ बायका, मान हलवली ते. सांगताना हुंदक्यांनी मध्ये मध्ये शब्द गिळले जात होते, पण कळायचं ते कळलं. मायनं हातातलं लाकूड उचललं. गंगाबाईनं तिचा हात धरला. "मारजा मंग. आधी पानी आना. कुठं हाय तुमचा उमाळा? मी बी येतो संगं."

"अवो, पाहुन्या बाईनं पान्याले जाचं? लोक काय म्हनतीन!"

"लोक काय म्हनतात थेच आयकाले चालली मी," गंगाबाई म्हणाली आणि पायात वहाणा घातल्या.

अशा आम्ही तिघी भर उन्हात निघालो. पुढं जनी घागर घेऊन, मध्ये गंगाबाई, मागं मी. उमाळ्यावर आठ चुंबळी होत्या, आणि पहिल्या जागी पुन्हा कोंडाबाईचीच. ती दुसऱ्या खेपेला आली होती. जनीनं आपली चुंबळ उचलली आणि नवव्या जागी ठेवली. गंगाबाई बघत होती. ती म्हणाली, "घरी पाहुने उपाशी हायेत. सांग ना बायकाइले, घेतीन तुले पुढं."

"पाळी मोडता येत नाई, बाई," जनी म्हणाली. तिला ठाऊक होतं, नववी पाळी म्हणजे ऊन उतरेल, पाहुणे फुटाण्यांवरच परत जातील, आणि त्या मुलाचं तोंड पुन्हा दिसणार नाही. तरी तिनं चुंबळ हलवली नाही. मी तिच्या जागी असते तर सगळ्या बायकांच्या पाया पडले असते.

गंगाबाई कुंडाच्या काठावर बसली, पाय पाण्याच्या ओलीत सोडले, आणि सरळ विचारलं, "मी या पोट्टीले सून म्हनून पाहाले आली. तुमी रोज हिले पाह्यता. कशी हाय, खरं सांगा."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. गावची लेक म्हणजे चांगलंच सांगायचं असतं. पण कोंडाबाईसमोर कोण आधी बोलणार? कोंडाबाईनं तुंबा खाली ठेवला. जनीचं आणि तिचं मागच्या आठवड्यातच वाजलं होतं. ती म्हणाली, "तोंडाची लई फटकळ हाय. माह्यासंगं तीन खेपा भांडली, पाळीवरून. म्या म्हातारीनं पाळी चोरली, असं चारचौघीत म्हने."

जनीनं मान खाली घातली.

"अन् चोरली व्हती म्या, तिन्ही खेपा," कोंडाबाई म्हणाली. "बाकीच्या पाह्यत व्हत्या अन् गप्प बसत व्हत्या. हे एकटी बोलली. पन एक सांगतो, मी तापानं पडली तं आठ दिवस माह्या घरी घागर हिनंच आनून ठेवली. अन् त्या आठ दिसात बी मले म्हनत व्हती, बुढे, बरी झाली का पाळी चोरू नको." एवढं बोलून ती उठली. आपली चुंबळ पहिल्या जागेवरून उचलली, जनीची नववी तिथं आणून ठेवली, आणि स्वतःची नेऊन सगळ्यांच्या शेवटी टाकली. "भर," ती म्हणाली. "माह्या घरी कोन जेवाले बसलं हाय."

कुंडात तुंबाभर पाणी साचायची वाट बघत जनी बसली होती. गंगाबाई तिला म्हणाली, "पोरी, मले जे इचाराचं थे मी इचारलं. तुले काई इचाराचं हाय का?" मुलीला असं कोणी विचारत नसत. जनीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तुमच्या गावी डाळ कोन्त्या पान्यात शिजते?"

गंगाबाईला खोटं सांगता आलं असतं. ती म्हणाली, "आमच्याकडं असा उमाळा नाई. कोसभर दूर नदी हाय. तिच्या वाळूत झिरा उकरा लागते, उन्हाळ्यात कंबरभर. त्रास हाय, माय."

"सून एकटी जाते का?"

"एकटी कशी जाईन? एकीनं उकराचं, एकीनं भराचं. मी जातो संगं."

जनीनं मान हलवली आणि तुंबा पाण्यात घातला. पुढं पंधरा-सोळा वर्षं त्या दोघी सासवा-सुना तो झिरा उकरत होत्या. गंगाबाईचे गुडघे गेले तेव्हाही ती काठावर बसून नुसती गप्पा मारायला जायची. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते आणि कोसभराची ती वाट दोघींच्या भांडणात कशी सरली ते मला कळलं नाही.

त्या दिवशी नवी डाळ उमाळ्याच्या पाण्यात टाकली आणि ती चार पळाट्यांत शिजली. पाहुणे जेवायला बसले तेव्हा गुरं रानातून परत येत होती. मुलाच्या काकानं किती पोळ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही, पण तुपाची वाटी मायनं तीनदा भरली. हात धुऊन झाल्यावर मुलाच्या बापानं मिशा पुसल्या आणि बाबांना म्हणाला, "पोरगी पसंत हाय आमाले."

आतून गंगाबाई म्हणाली, "आपल्याले पसंत हाय. तिले इचारलं का कोनी?"

बाबांना प्रश्न कळायलाच वेळ लागला. त्यांनी जनीला आजवर बैलांना चारा घातला का, भाकरी झाल्या का, एवढंच विचारलं असेल. ते दारापाशी आले, घसा साफ केला, आणि चुलीकडं न बघता म्हणाले, "जने, बाई, तुहं काय म्हननं हाय?"

माय माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात माझ्या दंडावर घट्ट होता. पाहुणे वेशीबाहेर जाईपर्यंत तो तसाच राहणार आणि मग काय होणार ते मला नक्की ठाऊक होतं. जनी पोळपाटावरून उठली. हात पिठाचे, कपाळावर काजळी. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाबांकडं.

"यमीले कोनी हात लावाचा नाई," ती म्हणाली. "मंग माहा होकार हाय."

मायचा हात माझ्या दंडावरून सुटला. आणि मी जी रडायला लागले ती थांबेचना. ओसरीवरून मुलाचा काका ओरडला, "अरे, पोट्टीले मारू नका रे!" मला कोणी बोटही लावलेलं नव्हतं, तरी मार खाऊन मी कधी इतकी रडले नव्हते.